लेणी बंद, पेन्शन सुरू

फर्दापूरला लेणी बंद असण्याची सवय होती ती फक्त सोमवारची. अजिंठ्याच्या लेण्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे तालुक्याचे काम, दवाखाना, बँक असली कामे गावातले अनेक जण सोमवारवर टाकतात. १७ मार्च २०२० हा मंगळवार होता. तरीही लेण्यांचे दार उघडले नाही. करोनाच्या साथीमुळे केंद्र सरकारने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडची देशभरातली ३,६९१ स्मारके बंद केली होती आणि ही बंदी ३१ मार्चपर्यंतच आहे असे सांगितले होते. प्रत्यक्षात वेरूळ आणि अजिंठा पर्यटकांसाठी उघडले ते १० डिसेंबर २०२० रोजी. मधले जवळजवळ नऊ महिने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर, म्हणजे जिथे खासगी गाड्या थांबतात आणि पर्यटक लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसतात तिथे, उतरायला माणूसच नव्हता.

सोयगाव तालुक्यातले हे गाव अजिंठ्याचा घाट उतरल्यावर पायथ्याशी लागते. इथून लेणी चार-पाच किलोमीटरवर, जळगाव साठेक आणि छत्रपती संभाजीनगर शंभरएक किलोमीटरवर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मुक्कामाला जागा देणे हा या गावाचा फार जुना धंदा. मुघल काळातली म्हणून ओळखली जाणारी सराई इथे आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घ्यायला आल्या, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारख्या तरुण चित्रकारांसह त्यांचा तळ फर्दापूरलाच पडला होता. आज पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, हॉटेले आहेत, धाबे आहेत. परिसरातले गाइड, डोलीवाले, पोस्टकार्डे आणि पुस्तके विकणारे, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सापडणारे स्फटिकांचे दगड मांडून बसणारे आणि पावसाळा सरला की सीताफळांच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बाया या सगळ्यांची चूल बाहेरून येणाऱ्या माणसावर पेटते.

तो माणूस यायचा थांबला, तेव्हा घराघरात एक उलटापालट झाली. एरवी निवृत्त माणसाकडे घर कसे बघते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने आयुष्यभर केले, आता आराम करावा, नातवंडे सांभाळावीत आणि कारभार मुलांच्या हाती द्यावा. २०२० च्या उन्हाळ्यात मात्र ज्या घरात पेन्शनर होता, त्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसे येण्याची खात्री असलेला तोच एक माणूस उरला. मुलाचे दुकान बंद, नातवाची पुण्या-चाकणची नोकरी अधांतरी आणि म्हाताऱ्याच्या बँक खात्यावर मात्र ठरलेली रक्कम जमा. टाळेबंदीतल्या निवृत्तांबद्दल बोलताना आपण त्यांचा एकटेपणा आठवतो, त्यांची भीती आठवते. ते खरे आहेच. पण पर्यटनावर जगणाऱ्या गावात त्यांनी घर ओढले, ही गोष्ट अजून पुरेशी बोलली गेलेली नाही.

पेन्शनर म्हटले की सगळे एका रांगेत बसवायची आपल्याला सवय आहे, आणि ती चुकीची आहे. अशा गावात जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी असतात, ग्रामसेवक, तलाठी, पोलिस असतात. त्यांना राज्य सरकारचे निवृत्तिवेतन मिळते. लेण्यांत पहारेकरी किंवा स्मारक परिचर म्हणून हयात घालवलेला माणूस पुरातत्त्व खात्याचा, म्हणून केंद्राचा पेन्शनर. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले, त्याची झळ या माणसाला बसली. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ चे हप्ते मिळाले नाहीत. पेन्शनरांना या भत्त्याऐवजी मिळणारी महागाई मदत १७ टक्क्यांवर थांबली आणि जुलै २०२१ मध्ये ती एकदम २८ टक्क्यांवर गेली, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी दिली गेली नाही. तरीही हे दोन्ही गट सुखातले म्हणायचे.

एसटीचा चालक किंवा वाहक मात्र वेगळ्या हिशेबात मोडतो. तो कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईपीएस-९५’ मध्ये. अजिंठ्याचा घाट तीस वर्षे चढून-उतरून गाडी चालवलेल्या माणसाच्या हाती महिन्याला जी रक्कम येते ती शेजारच्या गुरुजींच्या पेन्शनसमोर सांगायलाही त्याला संकोच वाटतो. या योजनेत किमान पेन्शन १००० रुपये असेल हे सप्टेंबर २०१४ मध्ये ठरले. साथ आली तेव्हाही आकडा तोच होता. साखर कारखान्याचे, सूतगिरणीचे, सहकारी संस्थांचे निवृत्त कामगार याच रांगेतले.

त्या दिवसांचा दिनक्रम बाहेरून बघितला तर सोपा वाटतो. पहाटे उठायचे ही सवय सुटत नाही. चहा झाला की फिरायला निघायचे, पाराशी चार जण भेटायचे, पेपर वाचायचा, तोवर दहा वाजतात. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर आणि २५ मार्चपासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत यातले फक्त उठणे आणि चहा उरला. पासष्टीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये अशी सूचना होती. राज्यात ठिकठिकाणी गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून गावबंदी केली. पार ओस पडले. खेड्यातल्या माणसाला घरात बसायला सांगणे म्हणजे काय, हे शहरातल्या फ्लॅटमधून लक्षात येत नाही. गावाकडचे घर हे झोपायला आणि जेवायला असते. दिवस काढायचा तो ओट्यावर, शेतात, देवळात, दुकानाच्या बाकड्यावर. आणि मार्च सरताना पत्र्याच्या घरात दुपारी थांबवत नाही.

पेपरचे दुःख वेगळेच होते. कागदावरून विषाणू येतो अशी अफवा आधीच पसरली होती, त्यात १८ एप्रिलला राज्य सरकारने घरोघरी वृत्तपत्र टाकायला बंदी केली. छापायला परवानगी, वाटायला नाही, असा तो आदेश होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि काही दिवसांत सरकारनेही आदेश बऱ्याच भागांपुरता सैल केला. चाळीस वर्षे सकाळी पेपर वाचणाऱ्या माणसासाठी त्या मधल्या दिवसांत बातमी म्हणजे मोबाइलवर आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप. त्यात खरे किती आणि खोटे किती हे कळायला मार्ग नव्हता. लसणाच्या काढ्यापासून गरम वाफेपर्यंत सगळे उपाय खात्रीचे म्हणून फिरत होते. शाळेत मुलांना विज्ञान शिकवलेल्या गुरुजींनी या काळात गावाचे एक मोठे काम केले, ते म्हणजे शेजाऱ्याने दाखवलेला निरोप वाचून ‘हे खरे नाही’ असे स्पष्ट सांगणे. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

२८ मार्चपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ पुन्हा सुरू झाले, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. १९८७ मध्ये ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा नोकरीतले, भर तिशीतले होते. गल्लीत एखादाच टीव्ही असायचा आणि त्याच्यापुढे अर्धी गल्ली जमायची. आता घरोघर टीव्ही होता, पण शेजाऱ्याला ‘ये रे, बस’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

याच काळात सरकार निवृत्तांना दोन परस्परविरोधी गोष्टी सांगत होते, आणि दोन्हींमागे कारण होते. एकीकडे ज्येष्ठांनी उंबरा ओलांडू नये, कारण साठीनंतर या आजारात जिवाचा धोका झपाट्याने वाढतो. पंचावन्न वर्षांवरच्या पोलिसांनाही मुंबईत घरी थांबायला सांगितले गेले. दुसरीकडे मार्चअखेर केंद्राने निवृत्त सरकारी डॉक्टरांना पुन्हा कामावर येण्याचे आवाहन केले, आणि ८ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय आणि लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना मदतीला बोलावले. कामातून मोकळा झालेला माणूस अडचणीच्या वेळी पुन्हा लागतोच, ही कबुली त्या आवाहनात होती. एरवी ती इतक्या उघडपणे कोणी देत नाही.

मे महिन्यात जालन्यापासून भुसावळपर्यंतचा सगळा टापू एका वेगळ्याच गर्दीने हलला. जालन्याच्या कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जणांचा जीव गेला. फर्दापूर ज्या रस्त्यावर आहे तो छत्रपती संभाजीनगरहून जळगाव-भुसावळकडे जाणारा. तेव्हा तो चौपदरीकरणासाठी उखडलेला आणि खड्ड्यांनी कुप्रसिद्ध झालेला होता. राज्यात अशा रस्त्यांकडेच्या गावांनी चालणाऱ्यांना पाणी, भाकरी, चटणी दिली. स्वतःच्या गावात कोणाला येऊ न देणारी माणसे वेशीच्या बाहेर हंडे भरून ठेवत होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे होते, आणि त्यातले एकच सांगितले तर गावावर अन्याय होईल.

ज्यांना पेन्शन नाही त्यांची निवृत्ती कधी सुरू होते? डोली खांद्यावर घेऊन लेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी नारळ आणि शाल देत नाही. खांदा साथ देईनासा झाला की तो डोली सोडतो आणि दगड विकायला बसतो. तेही जमेना झाले की घरी बसतो. अशा म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजना आहेत. २०२० मध्ये त्यांत महिन्याला १००० रुपये मिळत. साथीच्या सुरुवातीला केंद्राने गरीब वृद्ध, विधवा आणि अपंगांना जास्तीचे १००० रुपये दोन हप्त्यांत दिले, महिलांच्या जनधन खात्यावर तीन महिने ५००-५०० टाकले आणि रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत दिले. धान्याने खरोखर घरे तगली. पण बीपीच्या गोळ्या रेशनवर मिळत नाहीत.

जुलै २०२० मध्ये पुण्याच्या हडपसरच्या शांताबाई पवार रस्त्यावर काठ्या फिरवताना साऱ्या देशाने पाहिल्या. वय ८५. डोंबाऱ्याचा खेळ त्या आठव्या वर्षापासून करत आलेल्या. घरात पोसायला अनाथ नातवंडे आणि टाळेबंदीत कमाईला दुसरा मार्ग नाही, म्हणून दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्या बाहेर पडल्या होत्या. त्या चित्रफितीनंतर मदत आली, गृहमंत्री अनिल देशमुख भेटायला गेले, अभिनेता सोनू सूद याच्या मदतीने त्यांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. लोकांनी त्यांना ‘वॉरियर आजी’ म्हटले. कौतुक योग्यच होते. मात्र पंचाऐंशीव्या वर्षी, साथीच्या दिवसांत, तोंडाला मास्क लावून पोटासाठी रस्त्यावर यावे लागणे ही कौतुकाची बाब नाही. ज्या समाजाने त्यांना टाळ्या दिल्या त्याने त्यांच्या पेन्शनचा प्रश्नही विचारायला हवा होता.

त्याच वर्षी अहमदनगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचे, वय सत्तरीचे, ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल घराघरात पोहोचले. नातवाने कॅमेरा धरायचा आणि आजीने कारल्याची भाजी, पुरणपोळी, पाटवड्या करून दाखवायच्या. ऑक्टोबरमध्ये चॅनेल हॅक झाले, ते काही दिवसांनी परत मिळाले. नातवामुळे आजीची विद्या जगापुढे आली, आणि कधी कॅमेऱ्यासमोर न उभ्या राहिलेल्या बाईला लाखो प्रेक्षक मिळाले. असे भाग्य एखादीच्या वाट्याला. बाकी हजारो घरांत शहरातून परतलेली नातवंडे आणि आजी-आजोबा पहिल्यांदाच सलग इतके दिवस एका छताखाली राहिले. आजोबांनी नातवाला बैल धरायला शिकवले, नातवाने आजोबांना व्हिडिओ कॉल लावायला. शाळा बंद होत्या, राज्याचा ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम मोबाइलवर चालत होता, आणि घरात मोबाइल एकच असला तर निवृत्त गुरुजींचा ओटा हीच पहिलीची खोली होत होती.

आषाढीही त्या वर्षी बसमधून गेली. मराठवाडा-खानदेशच्या गावांत निवृत्तीची एक ठरलेली इच्छा असते: नोकरीच्या व्यापात पायी वारी झाली नाही, आता एकदा पंढरीपर्यंत चालायचे. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची आणि पैठणहून नाथांची पालखी त्या वर्षी मोजक्या माणसांसह ३० जूनला एसटीने पंढरपूरला नेली. १ जुलैची एकादशी लोकांनी टीव्हीवर पाहिली. गावोगावचे सप्ते झाले नाहीत. देवळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. एखाद्या तरुणाला पुढच्या वर्षी जाऊ म्हणता येते. गुडघे दुखू लागलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाचे एक वर्ष गेले ते गेलेच.

दवाखान्याची भीती मात्र सगळ्यांत खोल होती. फर्दापूर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असले तरी मोठ्या दवाखान्यासाठी जवळचे शहर जळगाव. मधे जिल्ह्याची हद्द. ती ओलांडायला सप्टेंबर २०२० लागेपर्यंत ई-पास लागत होता, आणि आंतरजिल्हा एसटी सुरू झाली ती २० ऑगस्टला. ज्यांची औषधे, डॉक्टर आणि लेकी-सुना हद्दीपलीकडे होत्या त्यांना आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो हे पहिल्यांदाच इतके जाणवले. त्यातच जूनमध्ये जळगावहून बातमी आली. तिथल्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या एका करोनाबाधित आजीबाईंचा मृतदेह आठवड्याभराने त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित केले गेले. या बातमीने भोवतालच्या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांनी मनाशी काय ठरवले असेल याची कल्पना करता येते. ताप अंगावर काढणारे वाढले तर दोष त्यांच्या अज्ञानाला द्यायचा का?

उलट दिशेची बातमीही होती. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या भरात, लातूर जिल्ह्यातल्या एका तांड्यावरचे एकशे पाच वर्षांचे आजोबा आणि पंचाण्णव वर्षांच्या आजी लातूरच्या शासकीय रुग्णालयातून बरे होऊन घरी परतले. लवकर दाखल केले म्हणून वाचले, असे डॉक्टरांनी सांगितले.

लवकर म्हणजे किती लवकर, हे ओळखण्याची युक्ती राज्याच्या आरोग्य विभागाने त्याच महिन्यात लोकांना दिली आणि निवृत्तांच्या घरात ती खरोखर वापरली गेली. या आजाराचा दगा असा की रक्तातला प्राणवायू उतरत असतो, पण माणसाला धाप लागल्याचे कळत नाही. तो बसून बोलतो, चहा पितो. म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा बघायचा. मग सपाट जमिनीवर, चढ-उतार नसलेल्या जागी, फार जोरात नाही आणि फार हळू नाही असे सहा मिनिटे चालायचे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालले तरी पुरे. चालून झाले की पुन्हा बोट पुढे. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला, तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. अंगणात तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालणारे आजोबा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणारी सून आणि आकडा वहीत लिहून ठेवणारी नात हे त्या उन्हाळ्यातले घरोघरचे दृश्य. मेहंदी किंवा नखपॉलिश असेल तर यंत्र चुकते, बोट गार असेल तरी चुकते, हेही लोक अनुभवाने शिकले.

अंगणात चालण्यावरून इंग्लंडच्या टॉम मूर यांची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आणि ब्रह्मदेशात सैन्यात असलेले हे निवृत्त कॅप्टन. एप्रिल २०२० मध्ये, शंभरावा वाढदिवस तोंडावर असताना, त्यांनी ढकलगाडीच्या आधाराने आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारल्या आणि ब्रिटनच्या आरोग्य सेवेसाठी तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनानेच त्यांचे निधन झाले. तेव्हा आपल्याकडे साठीपुढच्यांना लस मिळायला महिना बाकी होता.

१ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांची लस सुरू झाली आणि तिच्याबरोबर तारखांचा गोंधळ. कोविशील्डचा दुसरा डोस आधी अठ्ठावीस दिवसांनी, मग सहा ते आठ आठवड्यांनी, आणि मेमध्ये बारा ते सोळा आठवड्यांनी. अंतर वाढवण्यामागे शास्त्रीय कारण दिले गेले, पण केंद्रावरून परत पाठवलेल्या म्हातारीला ते कोणी नीट समजावले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा लसीकरणात मागे पडलेला पाहून जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला: किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही, आणि लेण्यांत प्रवेशही नाही. त्यामुळे केंद्रांवर गर्दी वाढली. पेट्रोलचे एक वेळ ठीक, पण रेशनच्या धान्याला ही अट लावणे कठोर होते. हिंडू न शकणाऱ्या वृद्धाच्या घरी लस घेऊन जाणे हा योग्य मार्ग होता, आणि जिथे आशाताई घरोघर गेल्या तिथे तो वापरलाही गेला.

२०२० च्या त्या बंदीच्या महिन्यांत लेणी होती तशीच होती. पर्यटकांच्या श्वासातली वाफ आणि दिव्यांचा उजेड भित्तिचित्रांना सोसत नाही, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, तेव्हापासून त्यांना इतके महिने माणसाचा इतका कमी वावर क्वचितच मिळाला असेल. पावसाळ्यात वाघूर भरून वाहिली, सप्तकुंडाचा धबधबा कोसळला. पाहायला आले ते फक्त पहाऱ्यावरचे लोक.

अजिंठ्यावर आयुष्य वाहिलेले एक निवृत्त गृहस्थ मात्र हे बघायला उरले नव्हते. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक २००० मध्ये निवृत्त झाले. अजिंठ्याच्या इतिहासावरचे त्यांचे सात खंड प्रसिद्ध झाले ते त्यानंतर, २००५ ते २०१७ या काळात. ही बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात अवघ्या दोन दशकांच्या आत खोदली गेली, हे मत त्यांनी लावून धरले. विद्वानांत त्यावर वाद आहेत, पण आज अजिंठ्यावर लिहिणाऱ्या कोणालाही स्पिंक यांना टाळता येत नाही. ९१ व्या वर्षी, २३ नोव्हेंबर २०१९ ला ते गेले. निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याचे उत्तर या परिसराने वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले आहे.

साथीने निवृत्तांपुढे आणलेला एक पेच अजून पुरता सुटलेला नाही, तो म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी, सहसा नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. राज्याच्या पेन्शनरांची यादी कोषागाराकडून बँकेत येते आणि तिच्यात आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा असतो. २०२० च्या नोव्हेंबरात याच कामासाठी बँकेच्या दारात ज्येष्ठांनी रांग लावायची, आणि त्याच ज्येष्ठांनी गर्दीत जायचे नाही, असा प्रसंग उभा राहिला. केंद्राने आपल्या पेन्शनरांसाठी, तसेच ईपीएस-९५ वाल्यांसाठी मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली. पोस्टमनने घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देण्याची सोयही त्याच नोव्हेंबरात सुरू झाली.

घरी आलेल्या यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि आधारशी जुळला की काम झाले, इतके हे सोपे. पण अंगठा जुळायला हवा. वयाबरोबर कातडी पातळ आणि कोरडी होते, रेषा पुसट होतात. विळ्याने, खडूने, एसटीच्या स्टिअरिंगने घासलेल्या बोटांचे तर विचारूच नका. मग ओल्या फडक्याने बोट पुसायचे, दुसरे बोट लावायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा ‘जुळत नाही’. समोर जिवंत माणूस बसलेला असतो आणि यंत्र त्याला ओळखत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि हा त्रास बराच हलका झाला. साधा स्मार्टफोन, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अ‍ॅप आणि चांगला उजेड एवढे पुरते.

म्हणून वाचकांना एक विनंती. नोव्हेंबर लागला की आपल्या गल्लीतल्या ज्या आजोबांकडे, आजींकडे स्मार्टफोन नाही किंवा त्यांना तो जमत नाही, त्यांच्याकडे आपला फोन घेऊन जा. आधार क्रमांक, पेन्शनचा आदेश क्रमांक आणि बँक पासबुक समोर ठेवा, त्यांना उजेडात बसवा आणि दाखला काढून द्या. केंद्राचे पेन्शनर ऐंशीच्या पुढचे असतील तर त्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच घेतला जातो. दाखला निघाल्यावर येणारा क्रमांक त्यांच्या वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पेन्शन अडली, घरात छळ होत असेल, किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला मदत हवी असेल, तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते आणि तिला पैसे पडत नाहीत.